वेळूरचा पूल आणि वाक्यात उपयोग

वेळूरचा पूल मोठ्या पुरात वाहून गेला, आणि त्यानंतर त्याची एकदाही डागडुजी करावी लागलेली नाही.

पाणी ओसरलं तो नेमका बाजाराचा दिवस निघाला. पेठेतल्या लोकांना अलीकडं गावात यायचं होतं, गावातल्यांना पलीकडं पेठेत जायचं होतं. कुणाच्या डोक्यावर पाटी, कुणाच्या हाताला पोर. खाली बघायला सवड कुणालाच नव्हती. पूल आहेच, असं धरून लोक निघाले आणि पोचले. दुसऱ्या दिवशी तसंच झालं, आणि मग तीच वहिवाट पडली. दोन्ही काठांना दगडी बांधकामाचे दोन खुंट तेवढे उरले होते. मधे नुसती नदी. तिच्यावरून, जुन्या रस्त्याच्या उंचीनं, माणसं जात होती, सायकली जात होत्या, उसाच्या बैलगाड्या जात होत्या. म्हशींना तर काहीच अडचण आली नाही. म्हैस जगातली प्रत्येक गोष्ट गृहीतच धरते.

एकदा बांधकाम खात्याचे एक साहेब पाहणीला आले. काठावर उभं राहून त्यांनी नदी बघितली, नदीवरून चाललेली पोत्यांची गाडी बघितली, आणि "वापर चालू आहे" एवढं म्हणून ते आल्या जीपनं परत गेले.

पुलाबद्दल बोलायचं नाही असा काही गावात नियम नव्हता. नियम करायचा तर आधी पुलाबद्दल बोलावं लागलं असतं. नदीला हात जोडणारे जाता जाता हात जोडत, पाण्यात नाणं टाकणारे नाणं टाकत. पुलाला हात जोडावेत असं कुणाच्या मनात आलं नाही, म्हणून सगळं सुरळीत होतं.

पेठेत खरमाळ्यांची पिठाची गिरणी होती. गिरणी दिगंबर खरमाळे चालवायचा आणि घर त्याची बायको कुमुद. दिगंबर स्वभावानं वाईट नव्हता. दारू नाही, मारझोड नाही. फक्त कुठंही जायचं झालं की तो बायकोच्या दहा पावलं पुढं चालायचा आणि मागं न बघता तिच्याशी बोलायचा. कुमुद मागून उत्तरं द्यायची. तिची जीभ तिखट होती. दिगंबर एक बोलला की ती दोन बोलायची. दोनातलं दुसरं काय असेल हे त्याला इतक्या वर्षांत एकदाही आधी ओळखता आलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात गावच्या वाचनालयानं नेहमीप्रमाणे व्याख्यानमाला भरवली. आदल्या वर्षी सर्पदंश आणि मधुमेह होऊन गेले होते. यंदा वाचनालयाचे अध्यक्ष बाबूराव शेडगे यांनी तालुक्याहून आठल्ये सरांना बोलावलं. सरांनी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं होतं. विषय होता, 'एक इंग्रजी वाक्प्रचार: अर्थ आणि वाक्यात उपयोग.'

शनिवारी उन्हं कलल्यावर व्याख्यान सुरू झालं. पेठेतूनही पुष्कळ मंडळी आली होती. कुमुद दुसऱ्या रांगेत बसली. दिगंबर शेवटच्या रांगेत भिंतीला डोकं टेकून बसला आणि सरांचा परिचय संपायच्या आत झोपला.

"टेक फॉर ग्रँटेड," सर म्हणाले. "म्हणजे गृहीत धरणे. जी गोष्ट आहेच आणि राहणारच असं आपण समजतो, तिच्याकडं मग आपण बघत नाही. पण मंडळी, अर्थ कळला म्हणजे भाषा आली असं नव्हे. वाक्यात उपयोग करता आला पाहिजे. कोण करतं?"

पहिला मान अध्यक्षांचा. शेडगे उठून म्हणाले, "आमचे सभासद वाचनालयाला गृहीत धरतात."

"उत्तम."

एसटी स्टँडवरचे कंट्रोलर म्हणाले, "गाडी वेळेवर येईल हे कुणी गृहीत धरू नये."

सभागृह हसलं. "हे नकारार्थी झालं," सर म्हणाले. "तेही चालतं. आता स्त्रीवर्गातून कुणी?"

स्त्रीवर्ग एकमेकींकडं बघू लागला. कुमुद सातवीपर्यंत शिकली होती आणि वाक्यात उपयोग हा तिचा आवडता प्रश्न असायचा. ती उभी राहिली.

"माझे यजमान मला गृहीत धरतात."

मग बायकांनी टाळ्या वाजवल्या. "व्याकरणदृष्ट्या निर्दोष," सर म्हणाले. यजमान कोणते ते बघायला सगळ्यांनी माना वळवल्या. यजमानांचं तोंड उघडं होतं.

मग निवृत्त पोस्टमास्तर टिळेकर उठले. ते राहायला पेठेत, आणि आपलं उत्तर सगळ्यांत चांगलं असावं अशी त्यांची शाळेपासूनची इच्छा. ते म्हणाले, "आम्ही वेळूरकर नदीवरचा पूल गृहीत धरतो."

"अप्रतिम!" सर टेबलावर हात आपटून म्हणाले. "कर्ता, कर्म, क्रियापद, आणि जिवंत अनुभव. सगळ्यांनी एकदा मोठ्यानं म्हणा बघू."

सगळ्यांनी एका सुरात म्हटलं.

म्हणून झाल्यावर सभागृहात कुणाला पुढचं वाक्य सुचेना. शेडग्यांनी आभार मानले, सरांना नारळ दिला, आणि टाळ्यांच्या आवाजानं मागच्या रांगेतली मंडळी जागी झाली.

काठाशी आल्यावर पेठेची सगळी मंडळी थांबली. समोर खुंट होता आणि खुंटापुढं पाणी. खाली धरण झाल्यापासून नदी बारा महिने दोन पुरुष खोल असते. टिळेकरांनी काठीनं पुढं चाचपून बघितलं. काठीला काही लागलं नाही.

व्याख्यानात झोपलेले मात्र त्यांच्यामधून वाट काढत नदीवरून घराकडं निघाले. त्यांत दिगंबर होता. तो कुमुदच्या शेजारून गेला आणि दहा पावलं पुढं जाऊन, मागं न बघता बोलू लागला.

"उद्या डाळीचं दळण घ्यायचं नाही बरं का. पट्टा सैल झालाय. कुणी आलं तर परवा ये म्हणून सांग. ऐकलंस का?"

कुमुदनं एक पाय उचलला आणि परत ठेवला. दिगंबर बोलत बोलत पाण्यावरून पलीकडं गेला, पेठेच्या चढाला लागला आणि घरात शिरला. दार त्यानं उघडंच ठेवलं, तिच्यासाठी.

"आता काय?" टिळेकरांनी विचारलं.

"तुम्हीच सांगा. वाक्य तुमचं," कुमुद म्हणाली.

अडकलेल्या पुरुषांची सोय वाचनालयाच्या सभागृहात झाली आणि बायकांची गावातल्या घरांत. कुमुद शेडग्यांकडं राहिली. पेठेच्या मागं सरळसोट डोंगर आहे, दुसरी वाट नाही. म्हणून रविवारी सकाळी शेडगे तहसीलदारांच्या घरी जाऊन होडी मागून आले.

"काय म्हणाले?" त्यांच्या बायकोनं, रत्नमालावहिनींनी विचारलं.

"पूल असलेल्या गावाला होडी मिळत नाही."

"पूल नाही म्हणावं!"

"म्हणालो. म्हणाले, कधीपासून नाही? म्हटलं, पुरापासून. म्हणाले, मग इतके दिवस कसं चाललं? म्हटलं, चाललं. म्हणाले, मग चालू द्या."

आठल्ये सर त्याच सकाळच्या एसटीनं गेले. एवढे श्रोते रात्रभर सभागृहातून हलले नाहीत असा अनुभव आपल्याला पहिल्यांदाच आला, असं ते गाडीत चढताना म्हणाले.

दुपारपर्यंत पलीकडच्या काठावर माणसं जमली. ज्यांच्या घरी कुणी आलं नव्हतं ती शोधायला काठापर्यंत आली, त्यांनी नदीकडं बघितलं, आणि मग त्यांचेही पाय खुंटापाशीच थांबले. टिळेकरांच्या बायकोनं तिकडून ओरडून विचारलं, "बीपीची गोळी घेतली का?" टिळेकरांनी इकडून ओरडून सांगितलं, "घेतली!" एकाची आई आली, एकीचा मुलगा आला, एकाचं कुत्रं आलं.

खरमाळ्यांच्या घरातून कुणी आलं नाही. गिरणी मात्र नेहमीच्या वेळेला सुरू झाली.

"झोपला असेल उशिरापर्यंत," रत्नमालावहिनी म्हणाल्या.

"गिरणी चालू आहे, वहिनी."

"मग कामात असेल. जेवायच्या वेळेला कळेल बघ. भूक लागली की पुरुषाला सगळं कळतं."

जेवायची वेळ झाली आणि टळली. कुमुद संध्याकाळपर्यंत काठावर बसून होती. तिला घरी जायचं होतं, पण तेवढंच नव्हतं. आपण घरात नाही हे त्या माणसाला कळावं, असं तिला वाटत होतं. शनिवारी सगळ्यांसमोर जे वाक्य ती बोलली होती ते खोटं ठरावं, म्हणून ती तिथं बसली होती.

सोमवारी सकाळी गेनू दूधवाला सायकलीला कॅन लावून पेठेतून नदीवरून आला. गेनू कधी व्याख्यानाला जात नसे. गावाचं दूध त्याच्यावर अवलंबून असल्यामुळं त्याच्यासमोर कुणी विषय काढायचा नाही असं ठरलं होतं. कुमुदनं त्याला बाजूला घेतलं.

"गेनू, आमच्याकडं गेला होतास का रं?"

"आत्ताच घालून आलो की दूध. अर्धा लिटर."

"कुणी घेतलं?"

"पातेलं ठेवलेलं असतंय. त्यात वतलं." गेनूला प्रश्नच कळेना. "भाऊ म्हणाले, बस, चहा घे. घेतला."

"चहा कुणी केला?"

"झालेला होता."

"ते काय करत होते?"

"चहा पीत होते. तुमच्याशी बोलत होते."

"माझ्याशी?"

"तुम्ही आत असाल असं वाटलं मला," गेनू म्हणाला. "भाकरी झालेली होती, शर्टाला इस्त्री होती. पेठेतले म्हातारे सांगायला आलेले, की वहिनी गावात अडकल्यात, पूल नाही. भाऊ म्हणाले, घरातच आहे ती, आत्ता चहा झाला. आणि पूल नाही तर मी परवा आलो कशावरून? मला पटलं. म्हातारे गेले परत." त्यानं घंटी वाजवली. "निघू का? दूध नासेल."

"चहा कसा होता?"

"तुमच्यासारखाच. आलं जरा जास्त."

कुमुद शेडग्यांच्या ओट्यावर येऊन बसली. वेळूरचा पूल वाहून गेला तरी लोकांना पोचवत होता, मग खरमाळ्यांच्या घरात बायको नसताना चहा होण्यात नवल नव्हतं. तोच न्याय इथंही लागू पडत होता. तिला एवढंच नक्की सांगता येईना, की इतकी वर्षं तो चहा आपण करत होतो, की कधीपासून तो नुसता होत होता आणि आपण चुलीशी उभ्या होतो.

"रडू नकोस," रत्नमालावहिनी म्हणाल्या.

"रडत नाही. विचार करतेय, की मी परत गेले तर तिथं कुठं बसायचं."

"म्हणजे?"

"जागा भरलेली आहे, वहिनी."

रत्नमालावहिनींनी आत जाऊन नवऱ्याला उगाचच विचारलं, "आज सकाळी पोहे कुणी केले होते?" शेडगे म्हणाले, "का? तूच." वहिनी त्यांच्याकडं बराच वेळ बघत होत्या.

मंगळवारी दुपारी गिरणी बंद पडली. दुपारी ती कधी बंद नसायची. कुमुद उठून काठाशी गेली. अडकलेली सगळी मंडळी तिथं होतीच, कारण दुसरं काही काम नव्हतं.

पेठेच्या उतारावरून दिगंबर येताना दिसला. पिठानं पांढरा, डोक्याला रुमाल, पायांत एकच चप्पल. तो दर चार पावलांनी मागं वळून बघत होता, बोळांत डोकावत होता, एका घराच्या दारात थांबून आत हाक मारत होता. लग्न झाल्यापासून त्याला चालता चालता मागं बघताना कुमुदनं पाहिलं नव्हतं. तो शोधत होता.

पलीकडच्या काठावरच्या लोकांनी त्याला वाट दिली. दिगंबरचं लक्ष नदीकडं नव्हतंच. तो खुंट ओलांडून पाण्यावर आला आणि भराभर चालू लागला.

अर्ध्यावर आल्यावर त्याला कुमुद दिसली, आणि तो थांबला.

पुरानंतर वेळूरच्या पुलावर कुणी थांबलेलं नव्हतं.

"कुमुद," तो म्हणाला. पाण्यावरून आवाज स्पष्ट आला. "तू इथं आहेस?"

त्याचा चपलेचा पाय घोट्यापर्यंत खाली गेला. त्याला ते कळलं नाही. तो तिच्याकडं बघत होता, आणि आजवर कधी बघितलं नव्हतं तसं बघत होता.

टिळेकरांनी सावध करायला तोंड उघडलं. कुमुदनं त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

"कुमुद, मला आज कळलं," दिगंबर म्हणाला. त्याचा आवाज ओला झाला होता. "अगं, तू नसलीस की मला..."

दोन्ही पाय पोटरीपर्यंत गेले.

हे वाक्य ऐकायला कुमुद लग्नापासून थांबली होती. ते पुरं व्हायला तीन-चार शब्द उरले होते, आणि ते पुरं झालं असतं तर दिगंबर तळाला गेला असता. तिनं कमरेवर हात ठेवले आणि नदी दणाणेल एवढ्या मोठ्यानं ओरडली.

"गिरणी उघडी टाकून आलात ना!"

दिगंबरचं तोंड उघडंच राहिलं. मग कपाळाला आठी पडली. "कडी घातलीय!"

"घातली असेल! गेल्या शिमग्याला पण घातली होती. शेजारच्यांची शेळी येऊन पीठ खाऊन गेली."

"ती कडी नव्हती, तो अडणा होता!" दिगंबर म्हणाला, आणि ते नीट समजावून सांगायला त्यानं एक पाय उपसून पुढं टाकला. पाय टेकला. "आणि शेळीचं खापर माझ्यावर फोडू नकोस. पाटी दारात कुणी ठेवली होती?"

"मी ठेवली होती! तुमच्या डोक्यावर ठेवायला हवी होती. तिथं तरी रिकामी जागा होती!"

"बघा! बघा कशी बोलते!" दिगंबर चालत चालत सगळ्या काठाला सांगू लागला. "चार माणसांत अशी बोलते!"

"आणि चपलेचं काय केलंत? दुसरी कुठंय?"

"असेल घरात कुठं तरी! चप्पल मी सांभाळायची का?"

"मग काय चपलेनं तुम्हाला सांभाळायचं?"

यावर काय बोलावं हे त्याला सुचेना, आणि ते शोधता शोधता तो खुंटावर चढला, रस्त्यावर आला आणि तिच्यापुढं उभा राहिला. कुमुद खाली बसली. दिगंबरही बसला. गुडघ्यापर्यंत भिजलेल्या आपल्या विजारीकडं तो नवलानं बघू लागला.

कुमुद म्हणाली, "मधे काय म्हणत होतात?"

"कधी?"

"तू नसलीस की मला, इथवर आला होतात."

दिगंबरनं हातावरचं पीठ झाडलं. "घरात सगळं होतं, कुमुद. चहा होता, भाकरी होती, अंथरूण घातलेलं होतं. आज जेवताना मी म्हणालो, आमटीत मीठ कमी आहे. काही नाही. परत म्हणालो. काही नाही. मग मुद्दाम म्हणालो, माझ्या आईच्या हाताला चव होती. तरी काही नाही." तो थांबला. "तेव्हा मी ताटावरून उठलो."

"ताट तसंच टाकून?"

"तसंच."

"हं," कुमुद म्हणाली. एवढ्यानं तिचं भागलं असावं, कारण तिनं पुढं काही विचारलं नाही.

मग दिगंबरनं आलेल्या वाटेकडं बघितलं. सोन्यासारखं ऊन पडलं होतं आणि नदी या काठापासून त्या काठापर्यंत मोकळी वाहत होती.

"पूल?" त्यानं विचारलं.

"नाही."

"कधीपासून?"

"पुरापासून."

त्यानं त्यावर थोडा विचार केला. "आणि तू?"

"शनिवारपासून नक्की," कुमुद म्हणाली. "त्याआधीचं सांगता येत नाही."

दिगंबरनं मान डोलावली. परत जाणं आता दोघांनाही जमणार नव्हतं. बाकीची मंडळी होडीची वाट बघत थांबली; या दोघांनी गावातच, स्टँडच्या मागं एक खोली घेतली, आणि दिगंबर गावातल्या दुसऱ्या गिरणीत दळणाला जाऊ लागला. पेठेतल्या बायकांनी दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे दळणाचे डबे नेऊन खरमाळ्यांच्या दारात ठेवले, आणि गिरणी नेहमीच्या वेळेला सुरू झाली. ती अजून चालू आहे. पीठ जरा जाड येतं म्हणतात, पण ते आधीही यायचं.

स्टँडमागच्या खोलीत दिगंबर सकाळी उठतो, अंथरुणातूनच वळून बघतो आणि विचारतो, "चहा करतेस का?"

कुमुद कधी हो म्हणते, कधी नाही म्हणते. नाही म्हणाली, की त्या घरात चहा होत नाही.